पट्टी चार खाली

दुभाषाच्या तोंडी दिवसभरात स्वतःचं असं एकही वाक्य नसतं. साहेब बोलले ते इकडे, कामगार बोलला ते तिकडे, आणि मध्ये आपण म्हणजे नळ. त्यामुळे त्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत काचोंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, मला कॅन्टीनच्या कोपऱ्यात बोलावून हळूच काही सांगितलं, तेव्हा सवयीने मी ‘हे कुणाला सांगू?’ अशा चेहऱ्याने पाहिलं. ते म्हणाले, “आज रात्री चौघांनीही एकेक जपानी गाणं म्हटलं, तर बुचोंना आनंद होईल.”

जपानीत ‘आनंद होईल’ याचा अर्थ ‘झालंच पाहिजे’ असा असतो. आणि बुचो म्हणजे काचोंचेही साहेब.

चौघे चाकणच्या कारखान्यातले. डाय मेंटेनन्स, म्हणजे साच्यांची देखभाल, शिकायला तीन महिने नागोयाजवळच्या प्लांटवर आले होते, आणि रविवारी परत निघणार होते. रात्री साकाए भागात निरोपाची मेजवानी आणि मग निजिकाय, म्हणजे दुसरी बैठक. ती बहुतेक वेळा काराओकेतच होते.

“मॅडम, आम्ही गायचं? जपानीत?” चौघांतले थोरले, ज्यांना सगळे ‘अण्णा’ म्हणत, चपातीचा घास हातात धरूनच बसले. एकाला कटाकाना ही जपानी लिपी तेवढी वाचता येत होती. दुसऱ्याला हिरागाना, ही तिथली दुसरी लिपी, बऱ्यापैकी येत होती आणि गाण्याचीही हौस होती. गणेशोत्सवात नाट्यगीत म्हणणारा गडी. तिसरा सोलापूरकडचा, तीन महिन्यांत माझ्याशी जेमतेम दहा वाक्यं बोललेला. त्याने नुसती मान हलवली. म्हणजे नाही.

मी जपानी शिकले पुण्यात, पण गाणी शिकले ती अशाच पुरुषांबरोबर शेकडो रात्री बाकावर बसून. एक गोष्ट तेव्हाच कळली होती. काराओकेत चांगलं गाणारा माणूस फारसा कामाचा नसतो. लोकांना त्यांच्या वाटणीचं काहीतरी ज्या गाण्यात मिळतं, तेच गाणं रंगतं. खुद्द काराओकेचा जन्मच एका बेसुऱ्या साहेबापायी झाला म्हणतात. कोबेमधले वादक दाइसुके इनोउए यांना एका कंपनीच्या मालकाने सहलीला साथीला चला म्हणून गळ घातली. मालकाला त्यांच्याच साथीवर गाता यायचं. इनोउएंना जायला जमेना, म्हणून त्यांनी साथ टेपवर भरून दिली. त्यातून 1971 मध्ये यंत्र आलं. पेटंट मात्र त्यांनी घेतलं नाही.

हौशी गड्याने फोन काढला. “मॅडम, हे ऐका. मी महिनाभर बसवतोय.” यूट्यूबवर ‘कोनायुकी’ होतं. 2005 चं, रेमिओरोमेन या बँडचं. धृपदात आवाज एकदम टिपेला जातो. मी विचारलं, “तुझी पट्टी कुठली?” म्हणाला, “काळी एक.” मग कसं व्हायचं? जपानी पॉपमधले पुरुष गायक इतक्या वर गातात की मूळ सुरात गायला गेलेल्या भल्याभल्यांचा गळा धृपदाशी फाटतो. रिमोटवर सूर खाली-वर करायचं बटण असतं. चार घरं खाली आणलं तर मूळ सूर सोडल्याचं कुणाच्या फारसं लक्षातही येत नाही. पण अडचण नुसत्या सुराची नव्हती. उदास, संथ गाणं लागलं की बाकीचे आपापलं पुढचं गाणं शोधायला मान खाली घालतात.

त्याने दुसरं नाव सांगितलं : ‘कितागुनि नो हारु’. मी कपाळाला हात लावला. 1977 मधलं, सेन मासाओ यांचं, एन्का ढंगाचं, म्हणजे जुन्या वळणाचं भावुक गाणं. बुचोंच्या वयाच्या माणसांना प्राणाहून प्रिय. काचोंना फोन केला तर भीती खरी ठरली : ते बुचोंचं ओहाको होतं, म्हणजे हातखंडा गाणं, आणि ते दर वर्षी शेवटी म्हणायचे. दुसऱ्याच्या ओहाकोला हात लावणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी उचलणं.

“पण मला अर्थासकट पाठ आहे!” तो रुसला. मी नाही म्हणाले.

मग बाकीच्यांचं चटकन ठरलं. कटाकानावाल्याला आणि अण्णांना मिळून ‘यंग मॅन’. साइजो हिदेकी यांचं 1979 चं, अमेरिकन ‘वायएमसीए’चं जपानी रूप. कडवी कुणीतरी जपानी म्हणेल, पण धृपदाला हात वर करून चार अक्षरं काढायची असतात. तिथे भाषा लागत नाही, फक्त खांदे शाबूत हवेत. तरुण इंजिनियरांसाठी बी’झ यांचं ‘अल्ट्रा सोल’ त्यांच्याच गळ्यात टाकायचं आणि आपल्या माणसांनी नेमक्या ठिकाणी ‘हेय्!’ म्हणून उडी मारायची. हौशी गड्याला ‘उए ओ मुइते अरुको’. चाल सोपी, शब्द सुटसुटीत, आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना येतं. डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचं गाणं आहे, पण ठेका चालता, हसरा. क्यू साकामोतोंचं हे गाणं 1963 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेही ‘सुकियाकी’ या नावाने. गोमांसाच्या एका पदार्थाचं नाव! गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

सोलापूरकराला मी तंबोरीन देऊन गप्प बसवायचं ठरवलं.

खोलीत आम्ही चौदा जण. सुरुवातीची पंधरा मिनिटं नेहमीसारखी गोठलेली, सगळे एकमेकांकडे रिमोट सरकवतायत. एका तरुण इंजिनियरने नेमकं ‘कोनायुकी’च लावलं, मूळ सुरात, आणि धृपदाला घसा सोडला. हौशी गड्याने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं.

‘यंग मॅन’ने खोली उठली. अण्णांचा वाय पूर्ण आडवा होता, एम कुठला हे त्यांनी शेजाऱ्याकडे बघून काढलं. बुचो टाय डोक्याला बांधून उभे. मग ‘उए ओ मुइते’. गड्याने चार घरं खाली लावून, कांजी या चित्राक्षरांवर छापलेली हिरागाना वाचत, नाट्यगीतातली एक हरकतसुद्धा घातली. चालवून घेतली सगळ्यांनी. मधला शिट्टीचा तुकडा आला आणि तो थबकला. त्याला शिट्टी येत नव्हती. हे मी विचारलंच नव्हतं. दोन मात्रा नुसत्या गेल्या. तेवढ्यात मागून शिट्टी आली. सोलापूरकर, मांडीवर तंबोरीन, डोळे छताकडे. सुरेल, एकही स्वर न चुकवता. बुचोंनीही ओठ काढले, पण त्यांची नुसती हवाच. आख्खी खोली हसली.

शेवटी बुचोंचं गाणं आलं. शहरात राहणारा माणूस, गावाकडून आईने पाठवलेली छोटी पुडकी, तिकडचा वसंत. पहिलं कडवं झालं आणि बुचोंना दिसलं, की कोपऱ्यात आमचा गडी ओठ हलवतोय, शब्द न् शब्द. त्यांनी माईक पुढे केला. गड्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच भाषांतर केलं नाही.

त्याने दुसरं कडवं म्हटलं. तिसऱ्यात थोरला भाऊ आणि वडील येतात, दोघेही अबोल, कधी एकत्र बसून घोट घेत असतील का, असं तो माणूस मनाशी विचारतो. तिथे दोघे एकत्र होते, बुचो एका सुरात, हा दुसऱ्या. मध्येच भिंतीवरचा फोन वाजला. दहा मिनिटं राहिली हे सांगायला तो वाजतोच. काचो बुचोंकडे बघत होते, बुचो पडद्याकडे. विचारायचं कुणाला? मी फोन उचलला आणि म्हणाले, “एन्चो ओनेगाइ शिमासु. अर्धा तास.” म्हणजे वेळ वाढवून द्या. तीन महिन्यांतलं माझं स्वतःचं पहिलं वाक्य.

काचोंनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटची गाडी अर्थातच चुकली, आणि टॅक्सीचं बिल कुठल्या खात्यावर टाकायचं यावर सोमवारी मला तीन फॉर्म भरावे लागले.