ठरलं रत्नागिरी, पोचलो हर्णैला

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, मांडवा. सायकली गाड्यांच्या रांगेत कठड्याला बांधल्या आणि मी आणि धाकटा भाऊ वर चहा पीत बसलो. चार दिवसांत रत्नागिरी, असं घरी सांगून निघालो होतो.

अलिबाग, रेवदंडा झटकन गेलं. कोर्लईला मात्र रेंगाळलो. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात काही जण अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली घरात बोलतात. ओट्यावरच्या आजींनी आमच्याशी मराठीत आणि नातवाशी त्या बोलीत बोलून आम्हाला पाणी दिलं. दादरला वाढलेल्या मला हे पन्नाशीत कळावं!

मुरूडला मुक्काम. सकाळी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी. मग दिवेआगर ते श्रीवर्धन. आरावीजवळ रस्ता अगदी समुद्राला खेटून जातो, आणि नेमकं तिथेच माझं मागचं चाक बसलं. भाऊ पंक्चर काढत होता, मी सुरूच्या सावलीत आडवी. खरं सांगते, सगळ्या प्रवासातला तो अर्धा तास मला सर्वात आवडला.

कोकणचा किनारा सपाट असतो हा मुंबईकरांचा गैरसमज. प्रत्येक खाडीनंतर एक चढ उभा. बागमांडल्याहून वेश्वीला उतरल्यावर केळशीपर्यंत तर आम्ही निम्मं अंतर सायकली ढकलतच गेलो. सीटने वेगळंच छळलं, त्याचं वर्णन नको.

हर्णै बंदरात मासळीचा लिलाव बघितला, सुरमई खाल्ली आणि सायकली टेम्पोत टाकल्या. भाऊ अजून धुसफुसतोय.