लिटरात व्हीलचेअर मावत नाही

नागपुरात लोकांना गाडी घ्यायच्या आधी ती तपासून देतो. रंगाची जाडी, टायरवरची तारीख, बॅटरी हे रोजचं काम. डिक्कीसाठी मला कोणी बोलावत नाही. शोरूममध्ये ती उघडतात, "मोठी आहे न" म्हणतात आणि बंद करतात. मागच्या महिन्यात धरमपेठेतल्या एका काकांनी मात्र फक्त डिक्की बघायला बोलावलं. काकूंची व्हीलचेअर, दोन मध्यम बॅगा आणि आंब्या बहाराची संत्री निघाली की पुण्याच्या मुलासाठी त्यांची एक पेटी, एवढं बसायला हवं. समृद्धीनं संभाजीनगर आणि तिथून पुणे, ड्रायव्हर धरून तिघं.

दोन छोट्या लक्झरी एसयूव्ही निवडलेल्या होत्या. पहिलीच्या माहितीपत्रकात दुसरीपेक्षा जवळजवळ ८० लिटर जास्त, म्हणून काकांचं मत तिच्याकडे झुकलेलं.

हा लिटरचा आकडा कसा येतो ते गाडी विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं. युरोपात २० × १० × ५ सेंटीमीटरचे ठोकळे डिक्कीत रचतात. एक ठोकळा म्हणजे एक लिटर. बाजूच्या खोबणीत, फरशीच्या फळीखालच्या खणात, जिथे ठोकळा शिरेल ती जागा मोजली जाते. व्हीलचेअर ठोकळ्यांची नसते. शिवाय मागची सीट पुढे-मागे सरकत असेल तर आकडा सीटच्या जागेवर ठरतो. दुसऱ्या पिढीच्या ऑडी क्यू३मध्ये ती १५ सेंटीमीटर सरकते आणि ५३० लिटरचे ६७५ होतात, पण ते मागच्याचे गुडघे दाबून. इंजिन बदललं तरी आकडा बदलतो. युरोपातली बीएमडब्ल्यूची पेट्रोल एक्स१ ५४० लिटरपर्यंतची, तर विजेवरची आयएक्स१ ४९०.

मी मीटरटेप काढला. पहिलं माप जमिनीपासून डिक्कीच्या उंबऱ्यापर्यंतचं. खुर्ची १८ किलोची, आणि उचलणार सत्तरीचे काका. हे माप कुठल्याच माहितीपत्रकात ठळक नसतं. मग दाराची सर्वांत अरुंद रुंदी, चाकांच्या फुगवट्यांमधलं अंतर आणि सीटपासून दारापर्यंतची खोली. खोली दोनदा घ्यायची: एकदा फरशीवर, एकदा सीटच्या पाठीच्या वरच्या कडेला. पाठ तिरपी असते, त्यामुळे वर दहा-बारा सेंटीमीटर सहज जातात. सीट लोक प्रवासात जेवढी मागे कलवतात तेवढी कलवूनच मोजायचं. शोरूममध्ये ती नेहमी ताठ ठेवलेली असते, आणि ते चुकून होत नाही.

खुर्ची घडी करून, पायदाण काढून मोजली: ८० सेंटीमीटर लांब, ९० उंच, ३१ जाड. उभी या दोन्ही डिक्क्यांत जात नाही. आडवी झोपवली की पूर्ण फरशी व्यापते, बॅगा तिच्यावर ठेवाव्या लागतात. म्हणजे खरा प्रश्न लिटरचा नाही, फरशीपासून काचेपर्यंतच्या उंचीचा.

काच आतल्या बाजूला कललेली असते, तिथे टेपनं अंदाज येत नाही. शोरूमच्या चहावाल्या मावशींकडून कणकेचा गोळा मागून घेतला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वरच्या बॅगेवर ठेवला आणि दार हळूच खाली आणलं. गोळा चेपून जेवढा उरला तेवढी मोकळी जागा. बटणानं चालणाऱ्या दारावर हे मुद्दाम करावं. अडथळा लागला की ते परत वर जातं, आणि लोक वर्षभर सेन्सर बिघडला म्हणून सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारतात. दार किती उंच उघडावं तेही ठरवता येतं, पण स्टिल्ट पार्किंगचा बीम दाराला लागेपर्यंत ते कोणाला आठवत नाही.

पहिल्या गाडीत सगळं बसलं. गोळा दोन बोटं जाड राहिला. काका खूश. पण ती डेमो गाडी होती. मी म्हटलं, तुमच्या नावावर जी येणार ती दाखवा. सेल्समन म्हणे, "सर, सेम टू सेम आहे." यार्डात गेलो. तिथल्या गाडीत फरशीवर स्टेपनी, पट्ट्यानं बांधलेली. खाली तिच्यासाठी खड्डाच नव्हता. टायरवर टी १३५ लिहिलेलं, म्हणजे रुंदी साडेतेरा सेंटीमीटर. कव्हर धरून चौदा. त्यावर खुर्ची तिरपी बसली आणि बॅगा सीटच्या वर डोकावायला लागल्या. करकचून ब्रेक लागला तर त्या थेट मागे बसलेल्याच्या मानेवर.

"हे तं बसतच नाही न भाऊ," काका म्हणाले.

सेल्समननं शांतपणे सांगितलं, "स्टेपनी घरी ठेवा न सर, सगळेच ठेवतात."

सगळेच ठेवतात, हे खरं आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमानं ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. पण या गाडीत किट नव्हतं. आणि किट असलं तरी ते फक्त तळव्यातलं खिळ्याएवढं भोक बुजवतं; टायरची बाजू कापली गेली तर त्यातल्या द्रवाच्या बाटलीचा काही उपयोग नाही. बाटलीवर मुदतही छापलेली असते, ती कोणी वाचत नाही.

दुसरीत लिटर कमी, पण स्टेपनीच नाही. फळीखाली किट आणि फळी दोन उंचीवर बसणारी. वर बसवली तर उंबऱ्याशी सपाट होते, खुर्ची सरकवता येते, पण बॅगा काचेला टेकतात. खाली बसवली तर सगळं मावतं, फक्त काढताना खुर्ची पुन्हा उंबऱ्यावरून उचलायची. फळी खाली ठेवायचं ठरलं. खुर्चीला आणि बॅगांना फरशीच्या कड्यांतून पट्टा टाकून दाखवला. काकांनी दुसरीचं टोकन दिलं.

रात्री मापं वहीत उतरवताना लक्षात आलं. तिघंच तर जाणार. काकूंना पुढे बसवणं सोपं, दार मोठं उघडतं, उतरवायला जागा मिळते. म्हणजे मागे काका एकटे. पहिल्या गाडीची सीट ४०:२०:४०, म्हणजे पाठ तीन भागांत वेगवेगळी आडवी होते. एक ४० आणि मधला २० असा सलग ६० भाग आडवा केला तर खुर्ची पुढे सरकते, बॅगा दाराजवळ खाली बसतात आणि स्टेपनीही जाग्यावर राहते. कागदावर तरी मापं जुळतात. मी दोन्ही गाड्या पाचही सीट उभ्या ठेवून मोजल्या, कारण मला सगळे तसंच मोजायला सांगतात. काकांनी मात्र तसं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या गाडीत मे महिन्यात समृद्धीवर टायरची बाजू फाटली, तर क्रेन येईपर्यंत काकू त्या खुर्चीत उन्हात. पहिलीत ड्रायव्हर स्टेपनी लावून ताशी ८० नं का होईना, पुढच्या गावाला पोचेल. उलट पहिलीत स्टेपनी काढायची तर आधी खुर्ची आणि बॅगा रस्त्याकडेला उतरवायच्या, तेही आलंच.

डिलिव्हरी अजून झालेली नाही. यार्डातली ती गाडी उद्या दुपारी पुन्हा बघायला मागितली आहे, खुर्ची काकांकडून घेऊन जाईन. कशासाठी ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.