मूळ प्रत पाहिली, परत दिली

बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी खिडकीच्या आत. त्यामुळे इंदूरच्या आमच्या ओळखीतल्या मंडळींनी ट्रस्ट करून नवं कॉलेज काढायचं ठरवलं आणि प्रवेशाचं काम बघायला एक रिकामा माणूस हवा झाला, तेव्हा माझं नाव निघालं. मानधन काही नाही. चहा-पोहे मात्र वेळच्या वेळी.

पहिली बैठक ट्रस्टींपैकी एका बिल्डरसाहेबांच्या दिवाणखान्यात झाली. त्यांचं म्हणणं, आपण आपली स्वतःची प्रवेश परीक्षा घेऊ, वर मुलाखत घेऊ, म्हणजे कॉलेजला वजन येईल. मुलाखत कुठल्या भाषेत, यावर तासभर गेला. एकाला इंग्रजी हवी, एकाला हिंदी, आणि रामबागेतल्या एका आजोबांना आपली पोरं असतील तर मराठीत दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे, असं वाटत होतं. होणाऱ्या प्राचार्यबाई सगळं ऐकून घेत होत्या. चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "पण हे आपल्या हातात आहे असं कुणी सांगितलं?"

मग त्यांनी समजावलं. आपण देवी अहिल्या विद्यापीठाला संलग्न होणार. बीए, बीकॉम, बीएस्सी चालवणार. या प्रवेशांची सगळी गाडी मध्य प्रदेश उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेश पोर्टलवरून जाते. मुलानं तिथं नोंदणी करायची, कॉलेजं आणि विषय पसंतीक्रमानं भरायचे, बारावीच्या टक्क्यांवर यादी लागते, जागा मिळाल्याचं पत्र निघतं, आणि ठरल्या तारखेच्या आत फी भरली नाही तर जागा गेली. उरलेल्या जागांसाठी शेवटी सीएलसी, म्हणजे कॉलेज पातळीवरची फेरी. त्यातही गुणवत्ता यादी आणि आरक्षण सरकारी नियमानंच.

"मग आपण ठरवायचं काय?" बिल्डरसाहेब हिरमुसले.

"खिडकी," बाई म्हणाल्या.

त्या क्षणी मला हे काम आवडायला लागलं. खिडकीतलं मला कळतं.

आता थोडं मागचं सांगतो, कारण माझा आग्रह तिथून आला. २०१६ साली आमच्या मुलीनं बाहेरगावच्या एका कॉलेजात प्रवेश घेतला. नाव सांगत नाही. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मूळनिवासी दाखला, सगळं त्यांनी 'जमा' करून घेतलं. तीन आठवड्यांनी तिला दुसरीकडे हवी ती शाखा मिळाली. कागद मागायला गेलो तर कारकून म्हणाला, चारही वर्षांची फी भरा आणि खुशाल न्या. पाच खेपा झाल्या. कधी साहेब रजेवर, कधी कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. शेवटी पहिल्या वर्षाच्या फीवर पाणी सोडलं तेव्हा लिफाफा हातात पडला. तो मी खिडकीत मोजला, जिन्यात मोजला आणि फाटकाशी रिक्षावाला ओरडत असताना पुन्हा मोजला.

पुढे २०१८ मध्ये युजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, सूचना काढली, की मूळ कागद समोर तपासून लगेच परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत. फी परतीचंही कोष्टक दिलं: प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी सोडलं तर १०० टक्के परत, त्यानंतर त्या तारखेपर्यंत ९०, तारीख उलटून १५ दिवसांत ८०, तीस दिवसांत ५०, पुढे काही नाही. आम्हाला दोन वर्षं उशीर झाला, दुसरं काय.

म्हणून दुसऱ्या बैठकीत मी म्हटलं, आपण उलट्या टोकाकडून सुरू करू. मूल आपल्याकडून निघून कसं जाईल ते आधी ठरवू.

आमचे सीए पानाचा विडा तोंडात तसाच ठेवून म्हणाले, "काका, दुकान उघडायच्या आधीच माल परत घेण्याचं बोलताय." त्यांची भीती खोटी नव्हती. साठ जागांतून पंधरा पोरं ऑगस्टमध्ये गेली तर त्या जागा वर्षभर रिकाम्या राहतात आणि शिक्षकांचे पगार काही रिकामे राहत नाहीत. पण कागद अडकवून बसवलेलं पोर वर्गात काय शिकणार, हे मी विचारल्यावर बाईंनी मान डोलावली. टीसीवर मात्र वाद झाला, कारण ती कॉलेजात ठेवायची रीतच आहे. ठरलं असं, की टीसी वेगळ्या लिफाफ्यात, तिची पावती मुलाला, आणि मागेल त्या दिवशी परत. बाकी सगळं पाहून तिथल्या तिथे परत. मी राजवाड्याजवळून एक शिक्का करून आणला: 'मूळ प्रत पाहिली, परत दिली'. रजिस्टरला तीन रकाने आखले, काय पाहिलं, काय परत दिलं, पालकांची सही. बँकेत याहून जास्त काही करत नव्हतो.

एप्रिलमध्ये रंगीत तालीम केली. चौकीदाराची भाची आणि माझा पुतण्या विद्यार्थी झाले. दोघांचा प्रवेश व्हायला पावणेदोन तास लागले. त्यातला पाऊण तास झेरॉक्समध्ये गेला, कारण सगळ्यात जवळचं दुकान चौकात आणि तिथली वीज गेलेली. दुसऱ्या दिवशी कॉलेजनं स्वतःचं झेरॉक्स मशीन घेतलं. मुलाखतीसाठी राखून ठेवलेले पैसे त्यात गेले, हे बिल्डरसाहेबांना आम्ही सांगितलं नाही.

खरा घोळ नावांचा निघाला. तो घोळ आपल्या मराठी लोकांचाच जास्त. घरात नाव तीन शब्दांचं: मुलाचं, वडिलांचं, आडनाव. इथल्या शाळेत वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात, म्हणून गुणपत्रिकेवर दोनच शब्द. आधार कार्ड उन्हाळ्यात आजोळी अकोल्याला काढलेलं, त्यावर तिन्ही. आणि समग्र आयडीत, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंबनोंदीच्या ओळखपत्रात, तर हिंदी टाइप करणाऱ्यानं काळेंचं काले केलेलं असतं, पवळेंचं पवले. ळ त्याच्या बोटांना माहीतच नाही. पोर्टलवर नावं जुळली नाहीत की पोर रडकुंडीला येतं. म्हणून नोंदणीच्या आधीच, मे महिन्यात, दोन शनिवार नुसती नावं जुळवून बघायला बसलो. कुठल्या कागदावर काय दुरुस्त करायचं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं, बस्स. आमच्याकडे प्रवेश घेणार का, हे विचारायचं नाही असा दंडक होता. (मी दोनदा मोडला.)

विषयांची खिडकी बाईंनी स्वतः सांभाळली. नवं शैक्षणिक धोरण आपल्या राज्यात २०२१-२२ पासून लागू आहे, त्यामुळे मेजर, मायनर, इलेक्टिव्ह आणि वर एक व्यावसायिक विषय, हे सगळं मुलानं निवडायचं. बहुतेकांचं उत्तर एकच: "जो मित्रानं घेतला तो."

२०२४ चा तो जून ठीक गेला. तेवढ्यात युजीसीनं त्या सत्रासाठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत द्या, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर हजार रुपये कापा असं जाहीर केलं. सीएंचा फोन आला, "काका, तुमचं कोष्टक सरकारनं तुमच्याहून पुढे नेलं." त्यात सीयूईटीचा, म्हणजे विद्यापीठांच्या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा, निकाल लांबत लांबत २८ जुलैला लागला. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतले प्रवेश त्याच गुणांवर. आमचे वर्ग सुरू झालेले, आणि ऑगस्टमध्ये एकेक पोर खिडकीशी येऊ लागलं.

पहिली आली ती मुलगी, बरोबर तिचे वडील. तिला विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरात जागा मिळाली होती. वडिलांनी बाही सावरून आधीच म्हणून टाकलं, "साहेब, आम्ही भांडायला आलेलो नाही." मी रजिस्टर काढलं, फी परतीच्या अर्जावर तिची सही घेतली, टीसीचा लिफाफा दिला. बारा मिनिटं झाली असतील.

ते जागचे हलेनात. "अजून कुठे जायचंय?"

"कुठेच नाही."

"वर साहेबांची सही?"

"झाली."

त्यांनी लिफाफा उघडून टीसी पाहिली, घडी घातली, मुलीकडे दिली. फाटकाशी पोचल्यावर तिच्याकडून परत घेतली आणि पुन्हा उघडून पाहिली. मी पुढच्याला हाक मारली.