अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

शनिवार, रात्री साडेनऊ

आज ज्येष्ठ नागरिक संघाची वार्षिक सभा झाली. झाली म्हणजे, उरकली. वेळ साडेपाचची. पावणेसहाला सचिवांनी डोकी मोजली, गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब केली आणि 'अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी' पुन्हा भरेल असं जाहीर केलं. दुसऱ्या खेपेला गणपूर्तीची अट नसते. नियमात तशी सोय आहे, त्यात गैर काही नाही. पण आमच्याकडे पहिली सभा भरल्याचं मला आठवतच नाही, आणि त्याचं कोणाला वाईट वाटल्याचंही नाही.

गंमत अशी की तो मधला अर्धा तासच काय तो छान गेला. करायला काही नव्हतं, म्हणून आम्ही पाच-सहा जणांनी खुर्च्या फिरवून तोंडं एकमेकांकडे केली. एका वहिनींचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्या एक डोळा झाकायच्या, भिंतीकडे बघायच्या, मग दुसरा झाकायच्या. "या डोळ्याने पांढरी दिसते हो, आणि या डोळ्याने मळकट पिवळी. इतकी वर्षं मी सगळं पिवळंच बघत होते!" मग सगळेच आपापले डोळे झाकून भिंतीकडे बघायला लागले. नेहमी शेवटच्या रांगेत गप्प बसणारे एक गृहस्थ हसता हसता म्हणाले, "सकाळपासून आत्ता पहिल्यांदा आवाज फुटला माझा." ते एकटे राहतात, हे मला आज कळलं. संघात येऊन आम्हा दोघांनाही तीन वर्षं झाली असतील.

तेवढ्यात सचिव आले. "ताई, खुर्च्या ओळीत घ्या बरं, सभा सुरू करायचीय."

घेतल्या ओळीत. आता समोर फक्त टकलं आणि अंबाडे.

ओळींवर माझा इतका राग का, ते एकदा लिहूनच ठेवते. या वयात आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ असली अक्षरं पुसट होतात. बोलतायत ते कळतं, काय बोलतायत ते कळत नाही. आवाज मोठा करून 'आ' आणि 'ओ' तेवढे मोठे होतात. म्हणून आपण नकळत ओठ वाचतो, आणि ओठ दिसायला माणूस समोर हवा. आमच्याकडे वक्ता लांब मंचावर आणि माइक तोंडाला चिकटलेला. त्यात स्पीकर माइकच्या मागेच ठेवलेला, त्यामुळे त्याचाच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू. शिट्टी वाजली की निम्मे लोक कानातली यंत्रं बंद करतात. अशा सभेत ठराव 'सर्वानुमते' मंजूर होतात यात नवल ते काय!

अध्यक्षांचं भाषण मला ऐकू आलं नाही, पण ते पाठ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर १९९० रोजी ठराव केला आणि १९९१ पासून १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस झाला, इथून ते दर वेळी निघतात. मग सत्कार. कार्यकारिणीने कार्यकारिणीचा केलेला. मग हिशेब, दोन मिनिटांत.

मी हात वर केला. हॉलच्या भाड्याखालोखाल मोठी रक्कम 'इतर खर्च' या सदरात आहे, ती कशाची, एवढंच विचारायचं होतं.

"ताई, संशय घेताय का आमच्यावर?"

झालं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. संशय नव्हता हो. आत्ताही नाही. नोकरीत तीस वर्षं खातेवह्या तपासल्या, जुनी सवय जात नाही. "आयत्या वेळच्या विषयांत घेऊ," म्हणाले. तो विषय आला तेव्हा आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. इतिवृत्तात येईल, 'एका सभासदाने सूचना मांडली, तिची नोंद घेण्यात आली.' गेल्या वर्षी माइकबद्दल बोलले होते, तिचीही नोंद घेण्यात आलीच आहे.

आणि तरी सचिवांवर नीट चिडताही येत नाही. शहात्तरीचा माणूस. किल्ल्या तोच आणतो, दिवे तोच लावतो, सभा संपल्यावर खुर्च्या एकात एक घालताना कमरेवर हात ठेवून मध्येच थांबतो. नव्या कार्यकारिणीसाठी नावं मागितली तेव्हा त्याने सभागृहभर नजर फिरवली. ती माझ्यापर्यंत आली तेव्हा मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. चष्मा डोळ्यांवरच होता. निवड बिनविरोध झाली, तीच सात माणसं, त्याच जागांवर.

निघताना ते शेवटच्या रांगेतले गृहस्थ जिन्यापाशी भेटले. "पुढची सभा कधी?" मी तारीख सांगितली, साडेपाच म्हटलं.

"मग मी पाचला येतो," म्हणाले. "खुर्च्या फिरवायला."

मीही पाचलाच जाणार आहे. वहिनींना उद्या फोन करायचा.