धवळी, लळिंग घाट आणि तिसरा पंप

मंडळी, धवळी, म्हणजे माझी जुनी फोक्सवॅगन कॉम्बी, लळिंग घाट चढली! अर्ध्या टाकीवर, दुपारी दोन वाजता, धुळ्याच्या उन्हात, एकदाही न थुंकता. एप्रिलपासूनच्या नोंदी ज्यांनी वाचल्यात त्यांना या वाक्याची किंमत कळेल. आता त्यामागची फजिती सांगतो. चूक टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवणाऱ्या पंपाची नव्हती, उन्हाची नव्हती आणि ई-२० पेट्रोलचीही नव्हती. कोणाची होती ते ओघात येईलच.

लक्षणं पुन्हा एकदा. टाकी भरलेली असली की गाडी सुतासारखी सरळ. टाकी अर्ध्यावर आली की सपाटीवर ठीक, पण लळिंगच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये दोन मिनिटांत ढुसढुस सुरू, मग खोकला, मग शांतता. दहा मिनिटं बाजूला उभी केली की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. आग्रा रोडवर ट्रकवाले हॉर्न मारत जातात आणि मी मागचं झाकण उघडून इंजिनकडे बघत उभा.

सगळ्यांचं एकच निदान होतं: व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन वाट अडणं. माझंही तेच. फियाटच्या जमान्यात वडील पंपावर ओलं फडकं टाकून गाडी चालवायचे, ते डोक्यात पक्कं बसलंय. त्यात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल उकळतं ७८ अंशांना. एअर-कूल्ड इंजिन, बाहेर ४४ अंश, पंप इंजिनाच्या उरावर. पुरावा इतका भक्कम की कोणीही फाशी दिली असती. म्हणून मी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या ५.५ मिमीच्या घातल्या. इंजिनाभोवतीचं रबरी सील फाटलं होतं, ते नवं बसवलं. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर लटकणारा फिल्टर काढून खाली टाकीच्या बाजूला नेला. (हे तुम्हीही करा. पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये, ठिणगीच्या वर काचेचा फिल्टर टांगणं म्हणजे घराला काडी लावायची तयारी.) ओलं फडकं तर होतंच.

कशानेच काही झालं नाही. फडकं वाळलं, गाडी थांबली.

मग संशय पंपावर आला. दिवाळीत जुना पिअरबर्गचा पंप काढला होता, कारण खालच्या भोकातून पेट्रोल पाझरत होतं, म्हणजे डायफ्राम, पंपातला पडदा, गेला होता. त्या जागी मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून मागवलेला नवा बसवला. तो संशयित ठरला म्हणून मे महिन्यात तिसरा आणला, ब्राझीलचा. पैसे गेले, घाटाने पुन्हा तोंडघशी पाडलं.

पंप कोणता, हा प्रश्न मी दिवाळीतच 'सोडवला' होता. धवळीचा चेसिस नंबर २३२ ने सुरू होतो: २३ म्हणजे कॉम्बी, पुढचा २ म्हणजे १९७२ चं मॉडेल. इंजिन १६००, दोन पोर्टचं, कार्बोरेटर सोलेक्स ३४ पिक्ट-३, आणि चार्जिंगला अजून मूळचा डायनॅमो. हा शेवटचा मुद्दाच कळीचा. डायनॅमोच्या इंजिनाला सरळ उभा पंप लागतो. पुढे अल्टरनेटर आला, तो अंगाने जाड, म्हणून त्याला वाट द्यायला पंप तिरका केला. दोन्ही पंप त्याच दोन स्टडवर बसतात, लांबून बघणाऱ्याला सारखेच वाटतात, आणि विक्रेते दोन्हींना बिनदिक्कत '१६०० चा पंप' म्हणतात. गाडीचं साल सांगून पंप मागवू नका. या गाड्यांच्या पन्नास वर्षांत कोणी काय काढून काय बसवलंय ते चेसिस नंबरला माहीत नसतं. मागचं झाकण उघडा, डायनॅमो आहे की अल्टरनेटर ते डोळ्यांनी बघा.

एवढं शहाणपण मला होतं. दिवाळीत विक्रेत्याने किट पाठवलं: पंप, बॅकेलाइटचा स्टँड, दांडी, गॅस्केटं. पंप तिरका निघाला. मी ताठ मानेने परत केला, फोनवर दोन शब्द सुनावले, त्याने मुकाट्याने सरळ पंप पाठवला आणि म्हणाला, बाकीचं सामान राहू द्या सर. मला वाटलं, फुकटात नवा स्टँड आणि नवी दांडी! जुना स्टँड काळा पडला होता, नवा चकचकीत. बसवला. त्या वेळच्या नोंदीत फोटोही टाकला होता, 'नवं ते सोनं' असं लिहून. कोणी तो फोटो वर काढू नका, विनंती आहे.

जून लागला तेव्हा मी इलेक्ट्रिक पंपावर आलो होतो. हा विषय निघाला की दोन तट पडतात, माहीत आहे. माझा तट ठरलेला: कार्बोरेटरच्या गाडीला कमी दाबाचा पंप हवा, दोन-चार पीएसआयचा. आमच्याकडे एका मेकॅनिकने इंजेक्शनच्या गाडीचा पंप सुचवला, "साहेब, जोरदार फेकतो." जोरदार म्हणजे ३ बारच्या आसपास, ४० पीएसआयच्या वर! ३४ पिक्टची सुई तो दाब एक क्षणही अडवणार नाही, पेट्रोल सरळ गळ्यात आणि गळ्यातून गरम इंजिनावर. योग्य पंप घेतला तरी इंजिन बंद पडल्यावर त्याचा करंट तोडणारा ऑइल प्रेशरचा स्विच हवाच, नाहीतर अपघातात गाडी उलटली तरी पंप आपला पेट्रोल ओततच राहतो. सामानाची यादी केली, खर्च जोडला, बायकोला अर्धाच सांगितला.

मागवायच्या आधी म्हटलं, अमळनेरच्या आबांना एकदा दाखवू. आबांनी आयुष्यात फोक्सवॅगन पाहिली नव्हती, पण डिझेल इंजिनं, पाण्याचे पंप, फियाट, अँबेसेडर सगळं हातून गेलेलं. टाकी मुद्दाम अर्धी ठेवून नेली. आबांनी आधी काही उघडलंच नाही. विचारलं, "भरेल टाकीवर चालस नं?" म्हटलं, चालते. "मंग टाकी कोठे शे हिनी?" टाकी इंजिनाच्या पुढेच, पत्र्याच्या पलीकडे, चांगली उंचावर. आबा हसले. "भाऊ, हाऊ पंप कामच करी नही राह्यना. टाकी वतस, तू समजस पंप वढस."

मी गप्पच झालो. कॉम्बीची टाकी वर असल्यामुळे ती भरलेली असताना पेट्रोल आपल्या वजनानेच पंपातल्या झडपा ढकलून पुढे येत होतं. पातळी खाली गेली की तो रेटा कमी, आणि घाटात मागणी दुप्पट. उन्हाळा आणि रोग एकत्र आले ते योगायोगाने: दिवाळीनंतर थंडीत मी घाटात गेलोच नव्हतो, आणि लग्नसराईतल्या वराती-मिरवणुकांना टाकी भरूनच निघायचो.

मग मोजमाप. हे आधी करायला हवं होतं. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडली, कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या हौदात, उरलेल्या पेट्रोलवर इंजिन तीस सेकंद आयडलला चालवलं. (उघड्यावर, अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवून, आणि बिडी ओढणाऱ्या बघ्यांना हाकलून.) बाटलीत ४० सीसी, मिनिटाला ८०. हिशेब सोपा आहे: घाटात ताशी ५० च्या वेगाने धवळी लिटरला सात किलोमीटर देते, म्हणजे तासाला सात लिटरच्या थोडं वर, मिनिटाला जवळजवळ १२०. कमाई ८०, खर्च १२०. बाऊल रिकामा व्हायला लागतात तेवढीच दोन मिनिटं! गेज लावला तर काटा १ पीएसआयवर लोळतोय.

आबा म्हणाले, "पंप बेस शे. पह्यले दांडी काढ." पंप उचलला. आता ज्यांनी हे कधी केलं नसेल त्यांच्यासाठी: पंपाला चालवते ती दांडी, स्टँडच्या भोकातून वर येणारी, खालून डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरच्या उंचवट्यावर टेकलेली. स्पार्क प्लग काढून क्रँक पुलीच्या ३० च्या बोल्टला पाना लावला, इंजिन हाताने सावकाश फिरवलं. सरळ पंपाच्या जोडीत दांडी सगळ्यात वर असताना स्टँडच्या तोंडावरून १३ मिमी डोकावायला हवी, आणि चाल ४-५ मिमीची. व्हर्नियर लावला. ५ मिमी.

पाच!

दांडी चिमट्याने ओढली आणि मोजली: १०० मिमी. सरळ पंपाला लागते १०८ ची. १०० ची दांडी त्या तिरक्या पंपासाठी असते, जो मी ताठ मानेने परत केला होता. पंप परत गेला, त्याची दांडी माझ्या इंजिनात राहिली. आठ मिलिमीटर कमी, म्हणजे पंपाच्या लिव्हरला नुसत्या गुदगुल्या. आबांनी विचारलं, "कोन टाकनं हाई?" मी म्हटलं, दिवाळीत एका मेकॅनिकने. हे खोटं मी इथे मागे घेतो.

जुनी दांडी घरी बिस्किटांच्या डब्यात सापडली. बायको हा डबा दोनदा भंगारात देणार होती. १०८ मिमी, टोकं थोडी चकाकलेली, झीज म्हणावी अशी नाही. निमुळतं टोक खाली, वरच्या टोकाला ग्रीस, बसवली. स्टँडचे १३ चे नट मोजून घट्ट केले, कारण बॅकेलाइट जोराला लगेच तडकतं. मोजलं: १३.४ मिमी. मी टाळ्या वाजवल्या, गाडी चालू केली आणि पाच मिनिटांत काळा धूर. आयडल घोड्यासारखं उड्या मारतंय आणि कार्बोरेटरच्या गळ्यात पेट्रोल टपटपतंय.

गेजवर ६ पीएसआय. उपाशी होती ती आता अजीर्णाने आजारी! या ब्राझीलच्या पंपाची स्प्रिंग कडक, आणि सोलेक्सची सुई इतका दाब धरत नाही. इथे मी पुन्हा प्रेशर रेग्युलेटर मागवायच्या विचारात होतो, पण आबांनी खिशातून पॅकिंग पेपर काढला. पंपाखालचं गॅस्केट ठेवून, हाताने कापून, हातोडीच्या गोल डोक्याने ठोकून भोकं पाडली. गॅस्केट वाढलं की दांडी तेवढी कमी डोकावते, पंप कमी ताणला जातो, दाब उतरतो. एक जादा: ५ च्या खाली. दुसरं: ४. तिसरं लावल्यावर ३.२ पीएसआय आणि दांडी १२ च्या थोडी खाली. तिथेच थांबलो. बाटलीत तीस सेकंदांत १४० सीसी. हा आकडा मी वहीत लाल शाईने लिहिला.

आबांनी मजुरी घेतली नाही. घरी नेऊन शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाऊ घातली आणि वर म्हणाले, "इतली मोठी गाडी, आन् इतलीशी दांडी."

रविवारी लळिंगला तीन फेऱ्या मारल्या. तिसरी मुद्दाम घाटाच्या पायथ्याशी दहा मिनिटं इंजिन बंद ठेवून, तापवून. चालू करताना थोडी कुरकुर, मग सरळ वर. ती कुरकुर मात्र खऱ्या उष्णतेची असावी, म्हणून इलेक्ट्रिक पंपाचा विचार पूर्ण सोडलेला नाही. टाकीपाशी छोटा, फक्त गरम स्टार्टला बटण दाबून चालवायचा, असं डोक्यात होतं. पण हे लिहितानाच दुसरं सुचलं. जुना पिअरबर्ग स्क्रूंनी उघडतो, हल्लीच्या पंपांसारखा कायमचा चेपून बंद केलेला नाही. इथेनॉल सोसणारा डायफ्राम मिळाला तर तोच पुन्हा उभा करावा. त्याची स्प्रिंग मवाळ, मग ही गॅस्केटांची चळतही नको. आणि नव्या पंपाची पितळी नळी नुसती दाबून बसवलेली आहे, बोटाने हलते. ती निसटली तर काय होतं ते सांगायला नको. सोनगीरला तांबटाकडे गुरुवारी जाणार आहे, आटे पाडून घट्ट बसणारी करून देतो म्हणालाय. तोपर्यंत घाट बंद, धवळी फक्त पांझरा नदीच्या अलीकडे.

व्हिंटेज नोंदणीबद्दल दोघांनी विचारलं होतं. पन्नास वर्षं पूर्ण आहेत, व्हिंटेज गाड्यांचा 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळू शकतो, पण मग रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. मी अजून तळ्यात-मळ्यात आहे.

आणि हो, १०० मिमीची दांडी, जवळजवळ नवी, जेमतेम सात महिने गुदगुल्या केलेली, माझ्याकडे पडून आहे. ज्याच्याकडे अल्टरनेटरचं इंजिन आणि तिरका पंप आहे त्याने घेऊन जावी. बदल्यात ५.५ ची नळी दोन मीटर द्यावी. आणि मागवण्याआधी मागचं झाकण उघडून बघावं.