ब्लॅक पाइनचं रिपॉटिंग झालं एकदाचं!

आज अख्खी सकाळ जपानी ब्लॅक पाइनच्या बोन्सायमध्ये गेली आणि फार समाधान वाटतंय. कळ्या फुगल्यात पण उमलल्या नाहीत, रिपॉटिंगला हीच वेळ बरोबर. कुंडीतून झाड काढलं तर मुळांवर कापसासारखी पांढरी बुरशी पसरलेली, आणि तो मशरूमसारखा वास! हा रोग नाही हं, ही बुरशी पाणी नि खनिजं मुळांपर्यंत पोचवते, म्हणून मी सगळी माती कधीच धुवून काढत नाही, एका बाजूची काढायची, दुसरी पुढच्या खेपेला, आणि जुनी माती थोडी नव्या मिक्समध्ये टाकायची. मिक्स म्हणजे अकाडामा (जपानची दाणेदार चिकणमाती), प्युमिस आणि लाव्हा (दोन्ही ज्वालामुखीच्या दगडाचे सच्छिद्र खडे), पाणी झरझर निघून गेलं पाहिजे. मग तारेनं झाड कुंडीला घट्ट बांधलं, हललं की नवी मुळं तुटतात ना, आणि चॉपस्टिकने मुळांच्या सांदीसांदीत माती भरत बसले, यात घाई करूच नये. वरची छाटणी मात्र अगदी हलकी, जुन्या पिवळ्या सुया काढल्या आणि एक वाळकी फांदी, बस. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नवे कोंब कापून दुसरी फूट आणतात ते यंदा नाही, मुळं कापल्यावर लगेच वरूनही कापलं तर झाडाने सावरायचं कधी? खतसुद्धा काही आठवडे बंद.