दाढ कुणाची? भीमाकाठच्या जीवाश्माचा पत्रव्यवहार

माचणूरच्या अलीकडे, भीमेच्या पात्रात वाळू उपसून झालेल्या खड्ड्यापाशी माझ्या चुलतभावाला एक काळपट, जड दाढ सापडली. "दगडच झालाय की अण्णा हिचा," म्हणत त्यानं ती सोलापुरात माझ्या टेबलावर आणून टाकली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे घरातल्या असल्या सगळ्या वस्तू फिरून माझ्याकडेच येतात.

आधी एका सरकारी कार्यालयाला लिहिलं. पोच आली, उत्तर नाही. मग पुण्यातल्या एका जीवाश्म अभ्यासक मॅडमना ईमेल केला आणि खरा पत्रव्यवहार तिथून सुरू झाला.

मला वाटलं होतं, फोटो बघून त्या प्राण्याचं नाव सांगतील. आले ते उलट प्रश्नच. दाढ थरात रुतलेली होती की सुटी? थर काळ्या मातीचा की चुन्यानं घट्ट बांधलेल्या गोट्यांचा? वर ताकीद: धुवू नका, वॉर्निश लावू नका. नदीकाठी वरची माती बरीच अलीकडची असते आणि खालचा सिमेंटसारखा घट्ट गोटे-वाळूचा थर जुना. पुरात वाहून आलेली सुटी वस्तू कुठल्याही थरातली असू शकते. कार्बन पद्धतीनं वय काढावं, तर ती साधारण 50 हजार वर्षांपलीकडे जात नाही. शिवाय हाडातलं सेंद्रिय द्रव्य शिल्लक असावं लागतं, आणि आपल्याकडच्या उन्हात ते क्वचितच टिकतं.

आमची दाढ सुटीच होती. पण तिच्या खाचांत चुन्यानं धरलेली वाळू अजून अडकलेली होती. फोटोत ती दिसल्यावर मॅडमचा सूरच बदलला: तोच कदाचित थराचा एकमेव पुरावा, टोकरू नका. फोटोंचेही नियम होते. नाणं नको, मोजपट्टी हवी, तीही चघळायच्या पृष्ठभागाच्या पातळीत; कॅमेरा सरळ वरून; उजेड वरच्या डाव्या बाजूनं.

मग पत्र आलं, "आता जिवंत प्राण्याची दाढ बघा. खिलार तुमच्याकडचाच ना?" नामशेष प्राण्याची ओळख आजच्या प्राण्यापासून सुरू होते, हे मला तेव्हा पटलं. आमचे तात्या कार्तिकीच्या बाजारात बैलाचं तोंड उघडून आदत, दुसा, चौसा, जुळलेला असं वय क्षणात सांगतात. पण ते बघतात खालचे पुढचे दात. बैलाला वर पुढचे दात नसतातच. ही तर मागची दाढ! तात्यांनी बांधावर पुरलेल्या सर्जा बैलाची कवटी उकरून दिली. जरा कुरकुरत, पण दिली.

दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं ते असं: चघळायच्या पृष्ठभागावर चंद्रकोरीसारख्या इनॅमलच्या घड्या, आणि वरच्या दाढेला आतल्या बाजूनं एक बारीक खांब. सर्जाच्या दाढेतही तो अगदी तसाच. घोड्याच्या दाढेत घड्या असतात, पण हा सुटा खांब नाही. म्हणजे घोडा बाद.

मग आठवला नर्मदेच्या गाळातला नामशेष रानबैल, बॉस नमॅडिकस. त्याला 19 व्या शतकात ह्यू फॉल्कनर यांनी नाव दिलं. फॉल्कनर आधी सहारनपूरच्या वनस्पती उद्यानात होते. शिवालिकमधले जीवाश्म गोळा केल्याबद्दल त्यांना आणि त्यांचे सहकारी प्रॉबी कॉटली यांना 1837 मध्ये भूविज्ञानातलं मानाचं वोलास्टन पदक मिळालं. पुढे डार्विन आणि फॉल्कनर यांच्यातही जीवाश्म हत्तींबद्दल पत्रं चालली. नामशेष आणि आजचे हत्ती यांचं नातं काय, हाच तिथेही मुद्दा होता. आपल्या वशिंडाच्या गाईबैलांचे पूर्वज हेच भारतीय रानबैल मानले जातात. बलुचिस्तानातल्या मेहरगढला सुमारे 8 हजार वर्षांपूर्वीचे पाळीव गुरांचे पुरावे आहेत.

चुलतभाऊ लगेच, "म्हणजे सर्जाचा पणजोबा!" मी तसंच लिहून पाठवलं. मॅडमनी ते काही मान्य केलं नाही. गाय आणि म्हैस यांच्या सुट्या दाढा वेगळ्या ओळखणं अवघड, म्हणून निष्कर्ष "मोठा गोवंशीय प्राणी, प्रजाती अनिश्चित". शिंगाच्या आतलं हाड मिळालं तर बोलता येईल. मला हे उत्तर आवडलं, भावाला मुळीच नाही.

दाढ पुण्याला द्यायचं ठरलंय, सोबत जागेची नोंद आणि खाचांतली वाळू तशीच. उजनीचं पाणी सोडणं थांबलं की भाऊ खड्ड्याची कड मोजून थरांचे फोटो पाठवणार आहे. तात्या रोज विचारतात, सर्जाची कवटी परत कधी देणार.